फेरुलिक ॲसिडचं सीरम सोलापूरच्या उन्हाळ्यात वापरावं का, की घरचा ज्वारीचा कोंडा पुरे?

सीरमच वापरा. फेरुलिक ॲसिड म्हणजे वनस्पतींत, धान्याच्या कोंड्यातही असणारं एक द्रव्य; चेहऱ्याला लावायच्या सीरममध्ये ते व्हिटॅमिन सीबरोबर घालतात. कोंड्याचं नंतर सांगते, आधी सीरमचं, कारण त्यावरून आमच्या घरात मोठा वाद झालाय.

मी नवी पेठेत मेडिकलच्या काउंटरवर असते. माझ्या नणंदेने ऐन एप्रिलमध्ये व्हिटॅमिन सी आणि फेरुलिकचं सीरम ऑनलाइन मागवलं. पार्सल शेजारच्यांकडे पत्र्याच्या खोलीत पडून राहिलं. बाहेर ४२ अंश, म्हणजे आत काय असेल! उघडलं तर सीरम कोऱ्या चहासारखं. मी म्हटलं, "वन्सं, हे खराब झालंय, परत पाठवा." तर म्हणाल्या, "वनस्पतीचं आहे, रंग असणारच. तुला तुझ्या दुकानातलं खपवायचंय." तेही भर पंगतीत, पाहुण्यांसमोर. मला ते फार लागलं.

वनस्पतीचं आहे, हे खरंच. १८६६ मध्ये फेरुलिक ॲसिड हिंगाच्या झाडाच्या चिकातून वेगळं काढलं गेलं. पण शुद्ध फेरुलिकची पूड पांढुरकी, फार तर फिकट पिवळी असते. तपकिरी रंग येतो तो व्हिटॅमिन सी हवेने-उष्णतेने सडल्यावर, आणि फेरुलिक घालतात ते हे सडणं लांबावं म्हणूनच. २००५ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या शेल्डन पिनेल यांच्या गटाने १५ टक्के सी आणि १ टक्का ई असलेल्या द्रावणात अर्धा टक्का फेरुलिक घातलं, तर उन्हापासूनचं संरक्षण चौपटीवरून आठपटीवर गेलं. ह्यात माझ्या दुकानाचा काय संबंध?

आता कोंडा. ज्वारी, गहू, तांदूळ, सगळ्यांच्या कोंड्यात फेरुलिक असतं, पण तंतूंना घट्ट बांधलेलं. चोळून ते सुटत नाही, चेहरा तेवढा खरवडून निघतो. भाकरीतून खा, आतड्यातले जिवाणू ते थोडंफार सोडवतात.

बाटली गडद काचेची घ्या, फ्रीजमध्ये ठेवा, मे महिन्यात कुरिअरने मागवू नका. तपकिरी झाली तर टाकून द्या, कितीही महाग असो आणि कोणी काहीही म्हणो.

हो, ड्यूकचा तो प्रयोग डुकराच्या कातडीवरचा होता. आणि सीरम लावलं तरी वरून सनस्क्रीन लागतंच. हे द्रावण चांगलंच आंबट असतं, त्यामुळे चुरचुरतं. आधी कानामागे लावून बघा. एक्झिमा असेल तर त्वचेच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका.