क्यू-इन-क्यू पहिल्यांदाच करताय? मग एवढं बघा

ग्राहकाचं महापेचं ऑफिस आणि वागळे इस्टेटचं गोडाऊन तुमच्या नेटवर्कवरून जोडताय ना, मग बिनधास्त करा. क्यू-इन-क्यू म्हणजे ग्राहकाच्या व्हीलॅन टॅगवर (डेटा कोणत्या व्हीलॅनचा, म्हणजे स्विचवरच्या कोणत्या वेगळ्या आभासी नेटवर्कचा, हे सांगणारा शिक्का) तुमचा आणखी एक टॅग चढतो, बाकी काही जादू नाही.

आधी एमटीयू (डेटाच्या एका पाकिटात जास्तीत जास्त किती बाइट मावतात तो आकडा) बघा. दुसरा टॅग ४ बाइटचा, म्हणून मधल्या प्रत्येक स्विचवर नेहमीच्या १५०० ऐवजी १५०४ तरी हवा. नाहीतर पिंग (छोट्या पाकिटाने केलेली चाचणी) मस्त चालतो, मोठी फाइल मात्र अडकते, आणि लोक उगाच केबल बदलत बसतात.

- ग्राहकाकडचा पोर्ट टनेल मोडमध्ये (वरचा टॅग चढवणारा मोड) टाका. बरेच नवखे ट्रंक (अनेक व्हीलॅन टॅगसकट नेणारा पोर्ट) करून मोकळे होतात.
- ट्रंकचा नेटिव्ह व्हीलॅन (जो टॅगशिवाय जातो तो) आणि टनेलचा व्हीलॅन एकच नको, वरचा टॅग लागतच नाही.

स्विच वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर इथरटाइप (टॅग कोणत्या प्रकारचा ते सांगणारा कोड) जुळवा: एकीकडे ८१००, दुसरीकडे ८८ए८ निघतो. एसटीपी टनेलिंगला (स्विचमधलं लूप टाळणाऱ्या एसटीपीचे ग्राहकाचे संदेश पलीकडे नेणं) इतक्यात हात लावू नका. आणि कन्सोल केबल (नेटवर्कशिवाय थेट स्विचला जोडायची) सोबत ठेवा. ज्या पोर्टवरून लॉगिन केलंय तोच टनेलमध्ये टाकला, तर संपर्क तुटेल आणि ठाणे-बेलापूर रोडच्या ट्रॅफिकमधून तिथे जावं लागेल.