२एस (दोन सेलच्या) वरून ३एस (तीन सेलची) लायपो बॅटरी टाकली की आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) ट्रकची मोटर फार तापते, मोटरच बदलू का?

मोटर नका बदलू भाऊ, आधी पिनियन (मोटरच्या दांड्यावरचा छोटा गिअर) दोन-तीन दातांनी छोटा करा. २एस म्हणजे ७.४ व्होल्ट, ३एस म्हणजे ११.१, म्हणजे तीच मोटर दीडपट फिरायला बघते आणि जुन्या गिअरिंगवर करंट जास्त ओढून तापते. मी जळगावकडे गिरणेच्या पात्रात पळवतो, कोरड्या वाळूत चाकं रुततात, मोटरवर कायम लोड, १५ दातांचा काढून १३ चा टाकला तेव्हा कुठे हात लावण्यासारखी राहिली. नवा पिनियन त्याच पिचचा (दातांच्या मापाचा) घ्या, आणि बसवताना वहीच्या कागदाची पट्टी पिनियन आणि त्याला लागून फिरणाऱ्या मोठ्या गिअरमध्ये दाबून स्क्रू आवळा, मग गिअर फिरवून पट्टी काढा, नुसत्या घड्या पडल्या तर मेश (दातांची पकड) बरोबर, फाटली तर फार घट्ट. चार-पाच मिनिटांनी टेंपरेचर गनने बघायचं, ८० अंशांच्या आत पाहिजे (आपल्याकडे मे महिन्यात दुपारी तर काढूच नका गाडी). फक्त ईएससी (मोटरचा स्पीड कंट्रोलर) आणि मोटर दोन्ही ३एस घेतात का ते आधी बघा, नुसत्या २एस चा ईएससी असेल तर पिनियन कितीही बदला, तो जळायचाच.