आईचे गुडघे आणि इटलीचा आराखडा

वाचकांचे प्रश्न : प्रवास

प्रश्न : आम्ही सांगलीत विश्रामबागेत राहतो. मार्केट यार्डात माझी हळदीची अडत पेढी आहे. येत्या मे महिन्यात अकरा दिवसांसाठी पत्नी, तेरा वर्षांची मुलगी, सात वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांची आई अशा पाच जणांनी इटलीला जावे, असे ठरले आहे. आमच्यापैकी कोणीही यापूर्वी परदेशी गेलेले नाही. रोम, नेपल्स, पाँपेई, सिएना, फ्लॉरेन्स, पिसा, मिलान आणि व्हेनिस अशी यादी मी केली असून भाड्याची मोटार घेऊन सर्व पाहावे, असा विचार आहे. आईचे गुडघे दुखतात, मात्र ती हट्टाने येणार आहे. हा आराखडा योग्य आहे का, की पर्यटन कंपनीबरोबर जावे?

उत्तर : आपल्या यादीत आठ गावे आहेत आणि इटलीत आपल्याला मिळणाऱ्या रात्री नऊ आहेत, कारण मुंबईहून आखातात विमान बदलून जाण्या-येण्यात उरलेला वेळ जातो. प्रवासाचा हिशेब मी नेहमी रात्रींमध्ये मांडतो. ज्या दिवशी गाव बदलायचे, तो दिवस अर्धाच हाती लागतो : सकाळी दहा-अकराला खोली सोडावी लागते, दुपारी दोन-तीनच्या आत पुढची खोली मिळत नाही आणि मधल्या वेळात पाच माणसे आणि पाच बॅगा स्टेशनवर एकमेकांची राखण करत बसतात. म्हणून आपल्यासाठी माझा आराखडा रोममध्ये चार रात्री, फ्लॉरेन्समध्ये तीन आणि व्हेनिसमध्ये दोन, एवढाच आहे. विमानाचे तिकीट काढताना जाण्याचे रोमचे आणि परतीचे व्हेनिसहून घ्यावे, म्हणजे रोमला माघारी येण्यात दिवस वाया जात नाही. मिलान या खेपेला सोडून द्यावे.

मोटारीचा विचारही सोडावा, असे मी आग्रहाने सांगेन. इटलीतल्या बहुतेक जुन्या शहरांच्या गाभ्यात ठराविक वेळी बाहेरच्या वाहनांना बंदी असते, वेशीवर कॅमेरे असतात, आणि नकळत आत शिरलेल्या पाहुण्याला दंडाची नोटीस घरी परतल्यावर काही महिन्यांनी मिळते. याउलट वेगवान रेल्वेने रोमहून फ्लॉरेन्सला सुमारे दीड तासात आणि फ्लॉरेन्सहून व्हेनिसला सव्वादोन तासांच्या आसपास पोहोचता येते, आणि तिन्ही ठिकाणी स्टेशन गावातच आहे. मिरजेहून महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रभर मुंबई गाठणाऱ्या आपल्या मंडळींना हे अंतर किरकोळ वाटेल. या गाड्यांचे भाडे विमानाप्रमाणे प्रवासाची तारीख जवळ येईल तसे चढते, त्यामुळे तारखा पक्क्या होताच आरक्षण करावे. साध्या प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट मात्र गाडीत बसण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्यावा लागतो. तो नसेल, तर तिकीट असूनही दंड होऊ शकतो.

पाँपेईचा मोह मला समजतो. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेलेले ते शहर पाहण्याजोगे आहेच, परंतु रोमहून नेपल्स सव्वा तास, तेथून लोकल गाडीने आणखी पाऊण तास, मग सावलीविना मैलभर दगडी रस्ते आणि तितकाच प्रवास परत, हे सात वर्षांच्या मुलाला आणि आपल्या आईला झेपणार नाही. त्याऐवजी रोमहून लोकलने अर्ध्या तासावर असलेले ऑस्टिया अँटिका पाहावे. हे प्राचीन रोमचे बंदर होते आणि मजली घरे, स्नानगृहे, धान्याची कोठारे असे सर्व काही पाइन वृक्षांच्या सावलीत अजून उभे आहे. आपल्याला तेथे मी मुद्दाम पाठवतो आहे, ते नाट्यगृहामागच्या एका चौकासाठी. चौकाच्या कडेने व्यापाऱ्यांच्या आणि जहाजवाल्यांच्या लहान लहान पेढ्यांची रांग आहे आणि प्रत्येक पेढीसमोर जमिनीवर काळ्या-पांढऱ्या खड्यांनी रेखलेले चित्र आहे. कोठे शिडाचे जहाज, कोठे धान्याचे माप, तर एके ठिकाणी चक्क हत्ती. गिऱ्हाइकाला वाचता येवो न येवो, पेढी कोणाची आणि माल कुठला, हे चित्रावरून कळत असे. पहाटेपासून सौद्यात उभे राहणाऱ्या माणसाला हा चौक कोणत्याही मार्गदर्शकाशिवाय समजतो. सोमवारी हे स्थळ बंद असते.

रोममध्ये कोलोसियमचे तिकीट आगाऊच काढावे लागते. साधारण तीस दिवस आधी विक्री खुली होते, तिकिटावर प्रत्येकाचे नाव असते आणि दारात पासपोर्टवरील नाव ताडून पाहतात. त्याच तिकिटात शेजारचा फोरम हा प्राचीन चौक आणि पॅलाटाइन टेकडीही येते. अठरा वर्षांखालील मुलांना सरकारी स्थळांवर प्रवेश विनामूल्य असला, तरी त्यांच्या नावाचे शून्य किमतीचे तिकीट घ्यावेच लागते, आणि हे विसरल्यामुळे दारात अडकलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. व्हॅटिकनची संग्रहालये महिन्याचा शेवटचा रविवार वगळता रविवारी बंद असतात. फ्लॉरेन्समधील उफ्फिझी आणि अकाडेमिया ही संग्रहालये सोमवारी बंद असतात, म्हणून रोमचे आणि फ्लॉरेन्सचे वार आधी जुळवावेत आणि मगच विमानाचे तिकीट घ्यावे. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. आईंच्या नऊवारीला किंवा पंजाबी ड्रेसला कोणी हरकत घेणार नाही, अडतात ती अर्ध्या चड्डीतली मुले.

आता आईंविषयी. कोलोसियममध्ये वृद्धांसाठी लिफ्ट आहे आणि व्हॅटिकन संग्रहालयात चाकाची खुर्ची मिळते, ती संकोच न करता घ्यावी. व्हॅटिकनमधील सेंट पीटर चर्चच्या घुमटावर लिफ्टने गेले, तरी पुढे सुमारे ३२० पायऱ्या उरतात, आणि फ्लॉरेन्सच्या मुख्य चर्चच्या घुमटाला ४६३ पायऱ्या असून लिफ्टच नाही. तेथे आईंनी खाली बसावे आणि आपण मुलीला घेऊन वर जावे. बसायचे कोठे, हा प्रश्न मात्र खरा आहे. रोममधील प्रसिद्ध स्पॅनिश पायऱ्यांवर बसण्यास २०१९ पासून मनाई असून दंड होतो. म्हणून दुपारी एक ते चार हा वेळ रोज खोलीवर विश्रांतीसाठी मोकळा ठेवावा. मे महिन्यात तेथे रात्री साडेआठपर्यंत उजेड असतो, त्यामुळे संध्याकाळचे चार तास हाती राहतातच.

आईंना एकही पायरी न चढता पाहता येईल अशी वास्तू म्हणजे पँथिऑन. हेड्रियन बादशहाच्या काळात, इ. स. १२६ च्या सुमारास पूर्ण झालेल्या या मंदिराचा घुमट लोखंडाच्या आधाराशिवाय केवळ काँक्रीटचा आहे. त्याचा आतला व्यास ४३.३ मीटर आणि जमिनीपासून माथ्यावरच्या उघड्या झरोक्यापर्यंतची उंचीही तेवढीच. आपल्याकडे बहुतेकांनी शाळेच्या सहलीत विजापूरचा गोल घुमट पाहिलेला असतो. तो १६५६ मध्ये पूर्ण झाला आणि त्याचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर आहे. मुलांना निघण्यापूर्वी एकदा विजापूरला नेऊन आणले, तर पँथिऑनमध्ये मान वर करताना आणि पुढे ब्रुनेलेस्की या स्थापत्यकाराने १४२० ते १४३६ या काळात जमिनीवरून लाकडी साचा न उभारता फ्लॉरेन्सचा घुमट कसा रचला हे ऐकताना त्यांच्याकडे मोजायला स्वतःचे माप असेल. सांगलीहून हे एका दिवसाचे काम आहे.

धाकट्यासाठी रोममध्ये रस्तोरस्ती असलेले बिडाचे पाण्याचे नळ पुरेसे आहेत. त्यांची तोटी वाकडी, नाकासारखी असते आणि पाणी अखंड वाहते, थंड आणि पिण्यायोग्य. तोटीच्या टोकाला बोट लावून ते बंद केले, की वरच्या बाजूच्या बारीक छिद्रातून पाण्याची धार उसळते आणि तोंड लावून पिता येते. हे कळल्यानंतर मुले एकही नळ चुकवत नाहीत, आणि बाटलीचा खर्चही वाचतो. पिसाला फ्लॉरेन्सहून रेल्वेने एका तासात पोहोचता येते, मात्र आठ वर्षांखालील मुलांना तेथल्या कलत्या मनोऱ्यावर सोडत नाहीत, हे त्याला सांगलीतच सांगावे. सिएना की पिसा, असे विचाराल तर मी सिएना म्हणेन, पण मुलाचे मत वेगळे पडेल.

व्हेनिसमध्ये माझी पहिल्या खेपेची चूक आपण करू नये. पैसे वाचवण्यासाठी मी खाडीच्या अलीकडे मेस्त्रेला खोली घेतली आणि दोन दिवस सकाळ-संध्याकाळ गाडीच्या गर्दीत उभा राहिलो. पहाटेचे आणि रात्रीचे व्हेनिस, म्हणजे जेव्हा ते खरोखर पाहण्यासारखे असते, ते माझ्या वाट्याला आलेच नाही. मुक्काम बेटावरच करावा आणि तोही बोटीच्या थांब्याजवळ, कारण तेथे रिक्षा नाही आणि दर दोनशे पावलांवर पायऱ्यांचा पूल आहे. चाकांची मोठी बॅग प्रत्येक पुलावर उचलावी लागते. तीन पूल झाले, की मालकाला आपल्या सामानाचे खरे वजन कळते. पाच जणांत दोन मध्यम बॅगा आणि प्रत्येकाच्या पाठीला एक पिशवी एवढेच न्यावे. वसंतातल्या काही दिवशी एका दिवसापुरत्या येणाऱ्या पाहुण्यांकडून प्रवेशशुल्क घेतले जाते. बेटावर मुक्काम करणाऱ्यांना ते माफ असते, परंतु त्यासाठीही संकेतस्थळावर आधी नोंद करावी लागते.

पर्यटन कंपनीबद्दल : रोज भारतीय जेवण हवे असेल आणि कागदपत्रांची धास्ती वाटत असेल, तर कंपनी बरी. परंतु पहाटे सहाला उठवणारी बस आणि गावाबाहेरचे हॉटेल यांचा त्रास सर्वांत आधी आईंनाच होईल. तीनच शहरे आणि रेल्वे एवढा आराखडा आपला आपण पार पाडता येतो.

प्रश्न : तासगावला आमची द्राक्षबाग आहे. उत्पन्न शेतीचे असल्याने प्राप्तिकर विवरणपत्रात ते फारसे दिसत नाही. इटलीचा व्हिसा मिळण्यास अडचण येईल का?

उत्तर : शेतकरी असणे ही अडचण नाही, कागद एकमेकांशी न जुळणे ही अडचण आहे. सातबारा, आठ-अ, बेदाण्याच्या सौद्याच्या पट्ट्या आणि त्याच रकमांच्या बँकेतील नोंदी एकत्र लावाव्यात, मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर जोडावे आणि सोबत साध्या इंग्रजीत एक पत्र द्यावे, ज्यात पीक कधी येते आणि पैसे वर्षातून ठराविक महिन्यांतच का जमा होतात, हे लिहिलेले असेल. अर्जापूर्वी आठ दिवस नातेवाइकांकडून घेतलेली मोठी रक्कम खात्यात दाखवणे हा सर्वांत वाईट उपाय होय.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून पंधरा दिवस आधीपर्यंत करता येतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण ते पंचेचाळीसपर्यंत लांबू शकतात, आणि मे महिन्यासाठी मार्चमध्ये भेटीची वेळ मिळणे अवघड होते, म्हणून जानेवारीतच हालचाल करावी. शुल्क प्रौढांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या आतील मुलांना ४५ युरो असून अर्ज स्वीकारणाऱ्या व्हिसा केंद्राचे सेवाशुल्क वेगळे असते. बारा वर्षांखालील मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, आणि त्यात घरातील वडीलधाऱ्यांचा रक्तदाब किंवा मधुमेह लपवू नये. इटलीखेरीज दुसऱ्या शेंगेन देशातही (म्हणजे याच एका व्हिसावर जाता येणाऱ्या युरोपीय देशात) मुक्काम असेल, तर जेथे रात्री अधिक, त्या देशाकडे अर्ज करावा लागतो. पासपोर्टची मुदत परतीनंतर किमान तीन महिने असावी.

प्रश्न : आम्ही मिरजेचे, कडक शाकाहारी आहोत, अंडेही चालत नाही. तेथे केवळ पिझ्झ्यावर दिवस काढावे लागतील का?

उत्तर : शाकाहारी माणसाला युरोपात इटलीइतका सोपा देश क्वचितच मिळेल, पण तीन-चार ठिकाणी पाय घसरतो. पार्मेजान हे चीज वासराच्या जठरातील द्रवाने दूध विरजून बनवतात आणि पेकोरिनो कोकराच्या, त्यामुळे कडक शाकाहाऱ्याने ताटावर किसून टाकण्यापूर्वीच नको म्हणावे. पेस्तो या हिरव्या चटणीतही ते असते. ताज्या पास्त्यात बहुधा अंडे असते, वाळवलेला पास्ता मात्र गव्हाचा रवा आणि पाणी एवढ्याचाच असतो. रिझोत्तो हा भात आणि भाज्यांचे सूप अनेकदा मांसाच्या पाण्यात शिजवतात, म्हणून ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा ब्रोदो’, म्हणजे मांस नको, मासे नकोत आणि मांसाचे पाणी नको, हे तीन शब्दप्रयोग कागदावर लिहून खिशात ठेवावेत. एक गंमत अशी, की तेथे ‘पेपेरोनी’ म्हणजे आपली ढोबळी मिरची, त्यामुळे ते नाव पाहून पिझ्झा नाकारू नये.

संध्याकाळी सातच्या आत बहुतेक उपाहारगृहांची चूल पेटत नाही. मुलांना सहाला भूक लागते, तेव्हा वजनावर कापून मिळणारा बटाट्याचा पिझ्झा उपयोगी पडतो. बिलात माणशी एक-दोन युरो बैठकीचे लावतात, ती फसवणूक नव्हे, रीत आहे. स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घेतले, तर रात्री मेतकूट-भात होऊ शकतो. सांगलीचे भडंग आणि कोरडी चटणी खुशाल न्यावी, परंतु बाहेरच्या देशांतून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात आणण्यास युरोपीय संघात बंदी आहे. तूप आणि पेढे घरीच ठेवावेत.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत व्हेनिसला गेल्यास पाणी चढलेले असते, असे ऐकले. आम्ही सांगलीवाडीचे, पुराचा अनुभव पुरेसा घेतला आहे. जावे की नाही?

उत्तर : जावे. आयर्विन पुलाखालचे पाणी फुटांत मोजणाऱ्यांना ते पाणी वेगळे वाटेल. २०१९ हे वर्ष दोन्ही गावांना जड गेले. आपल्याकडे ऑगस्टमध्ये कृष्णेचा पूर आला आणि व्हेनिसमध्ये १२ नोव्हेंबरला समुद्राची भरती १८७ सेंटिमीटरपर्यंत चढली. फरक एवढाच, की तेथील पाणी भरती-ओहोटीचे असल्याने काही तासांत उतरते, घरात दिवसचे दिवस तुंबून राहत नाही. ऑक्टोबर २०२० पासून मोठ्या भरतीचा अंदाज आला, की खाडीच्या तिन्ही मुखांवरचे पोलादी दरवाजे उभे केले जातात आणि शहर कोरडे राहते. सेंट मार्कचा चौक सर्वांत सखल असल्याने तेथे थोडे पाणी कधी दिसते, तेव्हा लाकडी फळ्यांच्या वाटा घालतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात आणि त्यानंतर पाचच्या सुमारास अंधार पडतो, म्हणून मुख्य स्थळे सकाळी उरकावीत. गमबूट सांगलीहून नेऊ नयेत, लागलेच तर तेथे दुकानोदुकानी मिळतात.