नवीन आणलेले क्लाउनफिश वरच्या कोपऱ्यात तिरके पोहतात आणि खात नाहीत, काय करू?

तुम्ही लिहिलंय की परवा दोन लहान ऑसेलॅरिस जातीचे क्लाउनफिश (खाऱ्या पाण्यातले नारिंगी-पांढरे मासे) आणले, पिशवी अर्धा तास टँकमध्ये तरंगत ठेवली आणि मग सोडले. तेव्हापासून दोघंही हीटरजवळच्या कोपऱ्यात वरच वर असतात, रात्री एक जण जवळजवळ आडवा दिसला, खाण्याकडे बघत नाहीत, आणि म्हणून सी अ‍ॅनिमोन (समुद्रतळाशी राहणारा, डंख मारणाऱ्या शुंडांचा जीव, ज्याच्या आडोशाला क्लाउनफिश राहतात) आणावा का असा प्रश्न आहे.

आधी धीर धरा. एवढ्यावरून मासे आजारी आहेत असं म्हणता येत नाही. क्लाउनफिश मुळात पट्टीचे पोहणारे नव्हेतच. समुद्रात एकदा अ‍ॅनिमोन मिळाला की त्याच्या आसपासच्या काही मीटरमध्येच त्यांचं सगळं आयुष्य जातं. त्यामुळे नव्या टँकमध्ये आल्यावर ते सगळीकडे हिंडत नाहीत, एक जागा धरून बसतात. ती जागा आपल्याला आवडेल अशी असतेच असं नाही. हीटर, पंपाची पाठ, काचेचा कोपरा, काहीही चालतं. शेपटी खाली घालून डुलत डुलत पोहणं आणि रात्री पृष्ठभागाशी कलंडून झोपणं हेही त्यांचं नेहमीचंच. तुमचे मासे लपलेले नाहीत, घर ठरवताहेत. अशा वेळी खडक हलवू नका, जाळी घालून त्यांना खाली ढकलू नका.

बघायचं ते कल्ल्यांकडे. श्वास संथ आणि एकसारखा असेल तर निवांत राहा. तोंड सतत उघडं, कल्ले भराभर उघडमीट करताहेत, अंगावर पांढुरका बुळबुळीत थर सुटतोय असं दिसलं तर मात्र थांबू नका. क्लाउनफिशना होणारा ब्रुकलिनेला नावाचा परजीवी असाच दिसतो आणि काही दिवसांत मासा नेतो. माझी पहिली जोडी त्यानेच गेली. मी त्यांना वेगळ्या टँकमध्ये न ठेवता थेट मुख्य टँकमध्ये सोडलं होतं आणि तो थर दिसल्यावर एक दिवस ‘बघू उद्या’ म्हणून काढला. त्या एका दिवसाचं मला अजून वाईट वाटतं. यावर तांब्याचं औषध उपयोगी पडत नाही. फॉर्मॅलिनचं (फॉर्मल्डिहाइडच्या द्रावणाचं) स्नान द्यावं लागतं, आणि फॉर्मॅलिन माणसालाही घातक असल्यामुळे ते जाणकाराला बरोबर घेऊनच करावं.

आता पिशवीबद्दल. पिशवी तरंगत ठेवल्याने फक्त तापमान जुळतं, खारटपणा जुळत नाही. दुकानांत पाण्याची घनता (यावरूनच खारटपणा कळतो, साध्या पाण्याची १ असते) बऱ्याचदा १.०१८ ते १.०२० च्या आसपास ठेवलेली असते आणि घरच्या टँकमध्ये ती १.०२५ असते. कमी खारट पाण्यातून जास्त खारट पाण्यात एकदम जाणं माशाला उलट्या बदलापेक्षा जड जातं, कारण अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं. तुमच्या माशांची मरगळ थोडीफार यामुळेही असू शकेल. पण दोन दिवस झालेत, आता ते त्या पाण्याला सरावत आलेत. खारटपणा पुन्हा खालीवर करून त्यांना दुसरा धक्का देऊ नका.

पुढच्या वेळी पिशवी उघडल्यावर सगळ्यात आधी त्यातल्या पाण्याची घनता रिफ्रॅक्टोमीटरने (खारटपणा मोजायच्या छोट्या उपकरणाने) मोजा. मला सर्वांत पटलेली पद्धत अशी की वेगळ्या छोट्या टँकमधलं पाणी पिशवीच्या पाण्याइतकंच खारट करून ठेवायचं, मासे लगेच त्यात सोडायचे आणि मग काही दिवसांत हळूहळू खारटपणा वाढवायचा. तिथेच चार ते सहा आठवडे ठेवलं की रोगही कळतो. ते जमत नसेल तर मासे पिशवीतल्या पाण्यासकट बादलीत काढून बारीक नळीतून थेंब थेंब टँकचं पाणी बादलीत सोडत तासभर घ्या, आणि मासे उचलून टँकमध्ये घाला, बादलीतलं पाणी ओतू नका. मासे लांबच्या प्रवासातून बंद पिशवीत आले असतील तर मात्र ही थेंबांची पद्धत टाळा. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच (पाण्याच्या आम्ल-अल्कपणाचा आकडा) उतरलेला असतो, म्हणून माशांच्या अंगातून बाहेर पडून साठलेला अमोनिया तितका विषारी नसतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया कल्ले भाजतो. तासभर त्याच पाण्यात ठेवणं म्हणजे उपचाराच्या नावाखाली इजा.

त्यामुळे आज एकच चाचणी करायची असेल तर अमोनियाची करा. तो शून्यच हवा, अमोनियापासून बनणारा नायट्राइटही. थोडा जरी दिसला तर २५ ते ३० टक्के पाणी बदला, नवं पाणी तापमानाला आणि खारटपणाला जुळवून. तुमचा टँक मासे आणण्याआधी किती आठवडे चालू होता हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते, कारण नव्या टँकमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू अजून पुरेसे तयार झालेले नसतात.

दोन-तीन दिवस न खाणं चालतं. दिवे मंद ठेवा, गोठवलेली मायसिस कोळंबी वितळवून चिमूटभर त्यांच्या कोपऱ्याजवळच सोडा, पाच मिनिटांत उरलेली काढून घ्या. भरपूर घालून बघू नका, सडून अमोनियाच वाढेल. टँकला झाकण नसेल तर आजच जाळी लावा, नवे मासे उडी मारतात.

दोघांपैकी एक मोठा असेल तर छानच. सगळे क्लाउनफिश आधी नर असतात, जोडीतला वरचढ मादी होतो. लहान मासा मोठ्यासमोर थरथरताना दिसला तर घाबरू नका, तो ‘तू मोठी’ असं कबूल करतोय. पर फाटले किंवा एकाला खाऊच दिलं जात नसेल तरच वेगळं करा.

अ‍ॅनिमोन नको, निदान आत्ता तरी. टँकमध्ये त्यांना खाणारं कोणी नाही, त्यामुळे त्याची गरज नाही, आणि टँकमध्येच जन्मलेल्या माशांनी तो कधी पाहिलेलाही नसतो. अ‍ॅनिमोनला प्रखर प्रकाश आणि महिनोन्‌महिने स्थिरावलेलं पाणी लागतं. तो चालत जाऊन पंपात अडकला तर अख्खं पाणी नासतं.

संध्याकाळी दिवे बंद झाल्यावर दहा मिनिटं शांत बसून दोघांचे कल्ले बघा. अमोनियाचा आणि घनतेचा आकडा, आणि टँक कधी सुरू केला ते इथे खाली लिहा, मी रात्री पुन्हा येऊन बघतो.