वही तिच्या हातात द्या

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. शास्त्रीय गाण्याची प्रवेशिका पूर्ण ही परीक्षा झाली, आता पुढच्या मध्यमा प्रथम परीक्षेची तयारी चालू आहे. आठवड्यातून दोनदा सरांकडे जाते. मी सोबत बसून सगळं लिहून घेते, घरी तिच्याकडून करून घेते. पण सर चार महिने यमन रागाचाच बडा ख्याल (संथ लयीतलं विस्ताराचं गाणं) घेऊन बसलेत. दहावीच्या वाढीव गुणांसाठी परीक्षा वेळेत व्हायला हव्यात. हल्ली ती रियाज टाळते, वरचा सा पूर्वीसारखा लागत नाही. क्लास बदलावा का? गाण्यात करिअर होईल का?
– एक आई, सांगली

उत्तर : क्लास बदलू नका. तुम्ही मात्र क्लासच्या बाहेर थांबा.

तुमच्या पत्रात मुलीचं स्वतःचं एकही वाक्य नाही. बंदिश तुम्ही लिहिता, चुका तुम्ही दाखवता, सरांनी पुढे काय घ्यावं हेही तुम्हीच ठरवताय. मला गुणांपेक्षा याची काळजी वाटते. शिकवणीत मुलांना बेधडक चुकता आलं पाहिजे. आई समोर वही घेऊन बसली की मूल चुकायलाच घाबरतं आणि सरांनी घेतलेली जागा, म्हणजे सुरावट, नुसती परत म्हणून दाखवतं. तिचं रियाज टाळणं मला आळस वाटत नाही. शिवाय या वयात मुलींचाही आवाज बदलतो. मुलांसारखा फुटत नाही, पण काही काळ त्यात हवा मिसळल्यासारखी होते, वरचे सूर जड जातात. तार सा, म्हणजे वरचा सा, लावण्याची सक्ती आत्ता नकोच. गरज वाटली तर सर पट्टी, म्हणजे गायचा मूळ सूर, खाली उतरवतील.

चार महिने एकच राग म्हणजे वेळ वाया, हा समज आधी काढून टाका. यमनमध्ये तीव्र मध्यम (चढा म) सोडला तर सगळे स्वर शुद्ध, म्हणून तो सोपा वाटतो. पण सा टाळून नि रे ग असं उठायचं, वर जाताना पंचम (प) ओलांडायचा, गंधारावर (ग) ठेहराव घ्यायचा आणि विलंबितात, म्हणजे संथ लयीत, आलाप करत नेमकं समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं, हे चार महिन्यांत जमलं तर लवकर जमलं म्हणायचं. लिहून पाठ केलेल्या आलाप-तानांवर परीक्षा निभावते. राग मांडता येणं वेगळं, आणि सर तिला तेच शिकवताहेत.

आता वही तिला द्या. क्लासला निघण्याआधी तिने दहा मिनिटं तानपुऱ्याच्या ॲपवर सा लावून गळा मोकळा करावा, म्हणजे शिकवणीचा वेळ त्यात जाणार नाही. त्याच संध्याकाळी शिकवणीचं रेकॉर्डिंग तिने एकटीने ऐकावं, अडलेली एकच जागा निवडावी आणि पुढच्या वेळी ‘सर, हे जमत नाही’ असं आपण होऊन सांगावं. घरी पेटी बंद ठेवा. पेटीच्या आधाराने गायची सवय लागली की कान स्वतः सूर शोधत नाही.

विशारदची पुढची परीक्षा, पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र हे मार्ग आहेतच, ते दहावीनंतर बघू. वाढीव गुणांचे सध्याचे नियम शाळेत विचारून घ्या. परीक्षेला या सत्रात बसवायचं की पुढच्या, हे सरांना ठरवू द्या. आणि फॉर्म भरण्याआधी तिला विचारा, परीक्षा द्यायची आहे का. ‘नाही’ म्हणाली तर फॉर्म भरू नका, क्लास चालू ठेवा.