ऑब्झर्व्हर: निरीक्षक की द्रष्टा?

प्रश्न असा: पुंजयामिकीवरच्या (क्वांटम मेकॅनिक्सवरच्या) मराठी लेखांत 'ऑब्झर्व्हर'ला कुठे 'निरीक्षक' म्हणतात, कुठे 'द्रष्टा'. यातला योग्य कोणता, आणि तो माणूसच असावा लागतो का?

'द्रष्टा' नकोच. पतंजलीच्या योगसूत्रांतल्या तिसऱ्याच सूत्रात, 'तदा द्रष्टुः स्वरूपेऽवस्थानम्' इथे, तो भेटतो आणि तिथे तो चैतन्यरूप 'पुरुष', म्हणजे शुद्ध जाणीव आहे. भौतिकीच्या वाक्यात त्याला आणून बसवलं की जाणिवेशिवाय जग नाही हे न सांगताच गृहीत धरलं जातं. मग 'आपल्या ऋषींना हे आधीच ठाऊक होतं' इथवर यायला एक परिच्छेद पुरतो!

'निरीक्षक' म्हटल्यावर पोलीस ठाणं आठवतं हे खरं, पण शब्द कामाचा आहे. आइन्स्टाइनच्या १९०५ च्या सापेक्षतेवरच्या निबंधातला निरीक्षक एका बिंदूपाशी घड्याळ घेऊन असतो आणि शेजारी घडलेल्या घटनेची वेळ टिपतो. त्याच्या जागी आपोआप नोंद करणारं यंत्र ठेवलं तरी गणित तेच राहतं.

पुंजयामिकीत मात्र भानगड आहे. १९६१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ युजीन विग्नर यांनी मापनात जाणिवेला खास स्थान दिलं. पुढे ते मत त्यांनीच सोडलं. प्रयोगांचं म्हणणं वेगळंच. व्हिएन्नात १९९९ मध्ये कार्बनच्या ६० अणूंच्या रेणूंनी बारीक जाळीतून जाताना लाटा एकमेकींत मिसळल्यावर उमटते तशी पट्ट्यांची, म्हणजे व्यतिकरणाची नक्षी उमटवली. २००३ मध्ये तिथल्याच गटाने ७० अणूंच्या रेणूंच्या वाटेवर थोडा वायू सोडला. दाब वाढवत नेला तशी नक्षी पुसट होत गेली. वाटेत बघणारं कुणी नव्हतं. रेणू कुठून गेला याचा माग आदळणाऱ्या वायूकणांपाशी राहिला, तेवढं पुरलं. अनेक शक्यतांतून एकच निकाल हाती का येतो, यावर अजून वाद आहेत. पण नक्षी पुसायला डोळा लागत नाही.

म्हणून 'निरीक्षकाने पाहिल्यावर' असं लिहिण्यापेक्षा मी 'मापन झाल्यावर' लिहीन.

माणसाच्या अस्तित्वाचा प्रश्न याने निकालात निघतो असं नाही. १४ जुलै १९३० रोजी बर्लिनजवळच्या कापुट गावी, आइन्स्टाइनच्या घरी, आइन्स्टाइन आणि रवींद्रनाथ नेमकं यावरच बोलले. रवींद्रनाथांच्या मते विश्वाचं सत्य म्हणजे मानवी सत्य. आइन्स्टाइनचं म्हणणं, माणूस नसला तरी पायथागोरसचं प्रमेय खरंच. त्या संवादाचा अनुवाद करताना 'द्रष्टा' खुशाल वापरा.