बडोदा ते टोरांटो: किती तास धरायचे?

तुम्ही विचारलंत, बडोद्याहून टोरांटो किती लांब आणि प्रवासाला किती तास धरायचे. मुलगी चौथीत आहे असंही लिहिलंत, म्हणून इथून, टोरांटोहून, जरा सविस्तर लिहिते.

सरळ रेषेत साधारण १२,२०० किलोमीटर. बडोद्याच्या हरणी विमानतळाहून थेट विमान नाही. एक तर दिल्ली गाठायची, नाहीतर एक्स्प्रेसवेने अहमदाबादला जाऊन दुबईमार्गे यायचं. दिल्ली–टोरांटो थेट विमानाला चौदा-पंधरा तास लागतात. पाकिस्तानची हवाई हद्द आपल्या विमानांना बंद असली की वळसा पडून आणखी. इथून भारतात जाताना वारा पाठीशी असतो, तास-दीड तास वाचतो. बडोद्यातल्या दांडिया बाजारातून निघून इथल्या घराचं दार उघडेपर्यंत २६ ते ३० तास धराच. इथलं घड्याळ उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे, त्यामुळे तिकिटावरच्या वेळा बघून प्रवास छोटा वाटतो. तसा तो नाही.

आता शाळा. ऑन्टॅरिओत, म्हणजे टोरांटोच्या प्रांतात, इयत्ता जन्मवर्षावरून ठरते. आमची मुलगी बडोद्यात इंग्रजी माध्यमातच होती, गोष्टीची पुस्तकं घडाघडा वाचायची. इथे आल्या आल्या चाचणी घेतली, तेव्हा ती बाकावर डोकं टेकून पेंगत होती. तिच्या हिशेबाने ती मध्यरात्र होती. बसवलं इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या वर्गात. मी प्रगतिपुस्तक घेऊन गेले, तर बाईंनी ते न उघडताच हसून परत दिलं. वरून सल्ला, घरी इंग्रजीच बोला. त्या वर्षी पोरीचं मराठी आटलं. आजीचा फोन आला की ‘हो’, ‘नाही’, ‘जेवले’, एवढंच. तो राग माझा अजून गेलेला नाही.



खरी अडचण सुट्ट्यांची. गणपती आणि इथलं नवं शालेय वर्ष जवळपास एकदमच येतात, दिवाळीला सुट्टी नसते. डिसेंबरात दोन आठवडे मिळतात. त्यातले चार दिवस जाण्यायेण्यात, तितकेच झोप जागेवर यायला. जुलै-ऑगस्टमध्ये तिकीट महाग आणि बडोद्यात धो धो पाऊस, तरी जा तेव्हाच. आजीच्या हाताखाली पोळ्या लाटत सलग पाच-सहा आठवडे काढले की पोरीची जीभ आपोआप मराठीकडे वळते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्या तिकिटांचे पैसे पहिल्या पगारापासून बाजूला टाका.

आणि येणार असाल तर जुलैच्या सुरुवातीला या. शाळेच्या चाचणीची तारीख निदान दहा दिवस पुढची मागा, नाही म्हणाले तर ते लेखी मागा. घरात मात्र मराठीच बोला, शाळेतलं कोणी काहीही सांगो.